परळमधले बगदाद

१९६५ साली ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिनहूड’ नावाचा एक हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक बी. जे. पटेल, नायक प्रशांत, नायिका परवीन चौधरी, संगीत जी. एस. कोहली यांचे. चित्रपटसृष्टीच्या इतिहासग्रंथांत त्याला जागा नाही. आज त्याची आठवण उरली आहे ती महंमद रफी यांच्या एका गाण्यामुळे. रॉबिनहूडच्या नावाचा हा नायक प्रेयसीच्या रूपाची तारीफ करतो ती अस्सल फारसी वळणाच्या उर्दूत. ज्यांनी हे गाणे रेडिओवर शेकडो वेळा ऐकले, त्यांच्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. इंग्लंडच्या जंगलातला बंडखोर आणि लखनौची जबान, हे जोडकाम मुंबईत इतके बेमालूम कसे बसले?

आमच्या मते त्याचे कारण सरळ आहे. रॉबिनहूड या शहरात पाहुणा म्हणून आला नव्हता. त्याचे नातलग त्याच्या आधीच गिरगाव-परळात मुक्कामाला होते. ते बगदादहून, यमनहून, इस्फहानहून आले होते आणि दास्तानांतून, पारशी नाटकांतून उतरत उतरत ते मूकपटांच्या पडद्यावर पोहोचले होते. या नातलगांचा इतिहास मराठीत फारसा कोणी लिहिलेला नाही. मराठी माणूस आपल्या सिनेमाचा इतिहास सांगतो तेव्हा फाळके, बाबूराव पेंटर, ‘प्रभात’ अशी ओळ लागते. त्यात पौराणिकपट, संतपट, सामाजिक चित्रपट यांना मान आहे. तलवारबाजीच्या आणि जादूच्या चित्रपटांना ‘स्टंटपट’ म्हणून दाराबाहेर बसवले आहे. आमच्या समाजातल्या सुशिक्षितांनीही त्यांच्याकडे बघून नाकच मुरडले. पण या दाराबाहेरच्या गर्दीत आमचे बरेच काही आहे, म्हणून त्याची थोडी विचारपूस करणे भाग आहे.

रॉबिन आणि त्याचे थोरले भाऊ

आधी खुद्द रॉबिनहूडची हकीकत पाहू. तो खरोखर होऊन गेला की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्याच्या गाण्यांचा पहिला उल्लेख १३७७च्या सुमारास विल्यम लँग्लंडच्या ‘पीअर्स प्लाउमन’ या काव्यात येतो. तिथे एक आळशी पाद्री कबूल करतो की आपल्याला प्रार्थना धड येत नाही, रॉबिनहूडची कवने मात्र येतात. जुन्या पोवाड्यांतला राजा एडवर्ड आहे, रिचर्ड नाही. १५२१ साली जॉन मेजर या इतिहासकाराने रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवले आणि १८१९ साली वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीने ते लोकांच्या मनात कायमचे पक्के केले. तेव्हापासूनचा साचा ठरलेला: चांगला राजा धर्मयुद्धावर गेला आहे, मागे त्याचा भाऊ जुलूम करतो आहे आणि रॉबिन जंगलात राहून गोरगरिबांची पाठराखण करतो आहे.

राजा धर्मयुद्धावर गेला म्हणजे कोणाशी लढायला गेला? सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीशी. म्हणजे रॉबिनहूडच्या प्रत्येक गोष्टीत सलाहुद्दीन पडद्याआड उभाच असतो. त्याला पडद्यावर यायला मात्र फार वेळ लागला. १९९१च्या हॉलिवूडपटात रॉबिनच्या सोबतीला अझीम नावाचा एक मुसलमान योद्धा दिला गेला. मॉर्गन फ्रीमनने ती भूमिका केली. इंग्रजी कथेला मुसलमान साथीदाराची गरज विसाव्या शतकाच्या अखेरीस वाटली. आमच्याकडच्या कथेत तो साथीदार नव्हता, तो नायकच होता.

त्याचे मूळ शोधायला मध्ययुगीन बगदादमध्ये जावे लागते. तिथे ‘अय्यार’ नावाची एक जमात होती. जात नव्हे, वंश नव्हे. शहरातले बेकार तरुण, कारागीर, हमाल, सुटलेले शिपाई यांची टोळी. इ. स. ८१२-१३ मध्ये खलीफा अमीन आणि त्याचा भाऊ मामून यांच्यात तख्तासाठी लढाई झाली आणि मामूनच्या फौजेने बगदादला वेढा दिला. तेव्हा शहर लढवले ते याच उघड्यानागड्या लोकांनी. खजुरीच्या पानांचे शिरस्त्राण आणि डांबर माखलेल्या चटयांच्या ढाली घेऊन ते खुरासानच्या चिलखती घोडेस्वारांपुढे उभे राहिले. तबरी आणि मसऊदी या थोर इतिहासकारांनी त्यांची नोंद घेतली आहे. ती सगळी कौतुकाची नाही, पण त्यात एक अचंबा आहे.

पुढच्या शतकात बगदादच्या आसपास इब्न हमदी नावाचा एक दरोडेखोर होता. त्याची हकीकत काझी तनूखीने लिहून ठेवली. ज्या व्यापाऱ्याजवळचा माल हजार दिरहमपेक्षा कमी किमतीचा असेल त्याला तो लुटत नसे आणि बाईच्या अंगाला त्याचा हात लागत नसे. शेवटी तो मारला गेला, पण त्याची कीर्ती मागे राहिली. इंग्लंडमध्ये रॉबिनहूडचे नाव कागदावर येण्याआधी चारशे वर्षांची ही गोष्ट आहे. त्याच्याही आधी सीस्तानात याकूब बिन लैस नावाचा एक तांबट अय्यारांच्या टोळीत शिरला, ८६१ साली त्या मुलखाचा मालक झाला आणि पुढे खुद्द खलीफावर चालून गेला. तांबटाला अरबीत ‘सफ्फार’ म्हणतात. इराणच्या इतिहासातले सफ्फारी घराणे ते हेच.

अय्यार सगळेच साधू होते असे नाही. बाजारपेठांकडून खंडणी उकळणारे, घरे फोडणारे, पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारेही त्यांत होते. तरीही त्यांच्यात ‘फुतुव्वत’ किंवा ‘जवाँमर्दी’ नावाचा एक अलिखित कायदा चालत असे. शब्द पाळावा, मीठ खाल्ल्याला जागावे, दुबळ्याला हात लावू नये. सुफींच्या खानकाहांनी आणि कारागिरांच्या संघांनीही हाच शब्द आपल्या अर्थाने उचलला. रिचर्ड आणि सलाहुद्दीन यांच्याच काळातला खलीफा नासिर याने तर या फुतुव्वतीला दरबारी मान्यता दिली आणि स्वतः तिचा प्रमुख झाला. बंडखोरांच्या रिवाजाला खलीफाने आपला करावा, ही गोष्ट रॉबिनहूडच्या राजालाही कधी सुचली नाही.

दास्तानातून पडद्यावर

हा अय्यार हिंदुस्थानात आला तो ‘दास्तान-ए-अमीर हमजा’च्या पाठीवर बसून. अमीर हमजाचा जिवलग अमर अय्यार म्हणजे वेषांतरात पटाईत, पळण्यात वाऱ्यासारखा, पैशाला चिकट आणि इमानाला पक्का. त्याच्या ‘जंबील’ नावाच्या पिशवीत अख्खे जग मावत असे. बादशहा अकबराने या दास्तानाची सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर या हिंदू प्रकाशकाच्या छापखान्याने तिचे ४६ खंड छापले. तिच्यातलाच ‘अय्यार’ देवकीनंदन खत्रींनी उचलला आणि ‘चंद्रकांता’ लिहिली. ती वाचण्यासाठी लोक नागरी लिपी शिकले असे म्हणतात.

मराठीचे दारही बंद नव्हते. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि त्यांच्यामागे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी ते पुरे केले. म्हणजे आधुनिक मराठी गद्याचे जे शिल्पकार, तेच अरबी रात्रींचे मराठीतले दास्तानगो. अलीबाबा सदाशिव पेठेत पोहोचला तो असा. त्याच्या घराण्याची हकीकतही मोठी गमतीची आहे. अलीबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. १७०९ साली हलब शहराच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती कथेकऱ्याने ती पॅरिसमध्ये आन्त्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला सांगितली. ज्याला आपण नखशिखांत मुसलमानी समजतो तो अलीबाबासुद्धा असा अनेक हातांतून घडलेला आहे.

मुंबईत पारशी नाटक मंडळ्यांनी या गोष्टींना पडदे, झगमगीत पोशाख आणि उर्दू संवाद दिले. त्यावर कळस चढवला तो एका अमेरिकन नटाने. डग्लस फेअरबँक्सचा ‘रॉबिनहूड’ १९२२ साली आला आणि ‘थीफ ऑफ बगदाद’ १९२४ साली. या दुसऱ्या चित्रपटातला अहमद नावाचा भुरटा चोर मशिदीतल्या एका बुजुर्गाच्या शब्दाने बदलतो आणि पुढे शहर वाचवतो. दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ साली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली. या देशात सर्वांत लोकप्रिय ठरलेला परदेशी चित्रपट म्हणून तिने ‘थीफ ऑफ बगदाद’चीच नोंद केली. एकाच नटाने दोन वर्षांत रॉबिनहूडही केला आणि बगदादचा चोरही. पिटातल्या प्रेक्षकाला ते दोघे भाऊ वाटले असतील तर त्यात नवल काय? दोघेही उंच भिंतीवरून उडी मारत होते आणि दोघांच्या पाठीमागे जुलमी सरदाराचे शिपाई होते.

गिरगावचा शहजादा

‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ हा किताब ज्याला मिळाला तो नट मराठी होता. मास्टर विठ्ठल. भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना तलवारबाजीच्या मूकपटांचा राजा केले. पिळदार शरीर, घोड्यावरची मांड, हातात तलवार. संवाद म्हणायची जरूर नव्हती. पुढे बोलपटाचे वारे सुटले तेव्हा इंपीरियल कंपनीच्या अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’साठी त्यांना उचलले. ‘शारदा’ने करारभंगाचा दावा लावला. मास्टर विठ्ठलच्या वतीने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि दावा विठ्ठलच्या बाजूने लागला. ज्या माणसाचे नाव पुढे फाळणीशी कायमचे जोडले गेले, तोच एका मराठी नटाचा उर्दू चित्रपटातला शहजादा होण्याचा हक्क मुंबईच्या कोर्टात लढवत होता.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. पोलिसांना गर्दी आवरेना. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेल्याचे सांगतात. आता या चित्रपटाची माणसे मोजून पाहा. कथा जोसेफ डेव्हिड पेणकर यांची. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी. आडनावात पेण गाव घेऊन फिरणारे. दिग्दर्शक पारशी. नायक मराठी हिंदू. नायिका जुबेदा, म्हणजे १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढणाऱ्या, या देशातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम यांची कन्या. फकिराचे गाणे म्हणणारे वझीर महंमद खान पठाण. नायिकेचा बाप, सेनापती आदिल, झालेले पृथ्वीराज कपूर पेशावरकडचे. पेण, पेशावर आणि मधली सगळी पेठ गिरगावच्या एका तिकिटात पाहायला मिळत होती.

मास्टर विठ्ठलची जबान उर्दूला सरावलेली नव्हती. म्हणून त्यांना चित्रपटात बराच वेळ अर्धवट बेशुद्धीत दाखवले, असे सांगितले जाते. गोष्ट हसण्यासारखी आहे, पण आम्हा मराठी मुसलमानांना त्यात आपलीच कहाणी दिसते. आमच्या कोकणी आणि दख्खनी घरांतल्या उर्दूची उत्तरेकडचे पाहुणे जी थट्टा करतात, तीच थट्टा बोलपटाच्या पहिल्याच नायकाच्या वाट्याला आली. तरी शहजादा तोच होता.

याच इंपीरियल कंपनीत १९२७ साली ‘अलीबाबा और चालीस चोर’ हा मूकपट तयार झाला होता. त्यात चाळीस चोरांपैकी एक चोर होता बिलीमोऱ्याकडून पळून आलेला एक गरीब मुलगा, महबूब खान. रांजणात दडून बसायचे, एवढेच त्याचे काम. पुढे १९३५ साली त्याने ‘अल हिलाल’ दिग्दर्शित केला, १९४० साली स्वतःच ‘अलीबाबा’ काढला, १९५२ साली ‘आन’ आणि १९५७ साली ‘मदर इंडिया’. आपल्या शेवटच्या मोठ्या चित्रपटातही त्याने सावकाराविरुद्ध डाकू झालेला बिरजू उभा केला. रांजणातला चोर त्याच्या मनातून कधी बाहेर पडलाच नाही, असे आम्हाला वाटते.

लवजी कॅसलमधली तलवार

गिरगावातून आता परळला जाऊ. तिथे वाडियांचा लवजी कॅसल नावाचा वाडा होता. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने इंग्रजांसाठी जहाजे बांधली. त्याच घराण्यातले जमशेद आणि होमी हे दोन भाऊ. जमशेद एम. ए., एलएल. बी. झालेले, घरच्यांना वाटत होते मुलगा वकील किंवा बँकेतला साहेब होईल. त्यांनी १९३१ साली ‘दिलेर डाकू’ काढला तो फेअरबँक्सच्या ‘मार्क ऑफ झोरो’वरून. १९३३ साली या वाड्यात वाडिया मूव्हीटोन सुरू झाली आणि तिचा पहिला बोलपट होता ‘लाल-ए-यमन’. लेखक पुन्हा जोसेफ डेव्हिड, संगीत मास्टर महंमद यांचे आणि बालनट म्हणून गायले फिरोज दस्तूर, जे पुढे किराणा घराण्याचे नामवंत गायक झाले. बाहेर गिरण्यांचे भोंगे वाजत आणि आत यमनचा दरबार भरे.

१९३५ साली याच कंपनीचा ‘हंटरवाली’ आला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजे नादिया, तोंडावर मुखवटा बांधून, हातात हंटर घेऊन घोड्यावर बसली. राजकन्या माधुरी दिवसा महालात आणि रात्री बंडखोर. श्रीमंतांना लुटायचे, गरिबांना वाटायचे आणि दुष्ट प्रधानाला धडा शिकवायचा. हे रॉबिनहूडचेच कथानक, फक्त रॉबिन बाई झाला. खर्च ऐंशी हजारांच्या वर गेला होता आणि कोणी वितरक हात लावेना. शेवटी वाडियांनी भागीदारासह तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात स्वतःच लावला. पंचवीस आठवड्यांहून अधिक तो चालला. बाजारात तिच्या नावाचे हंटर आणि पट्टे विकले गेले.

हे चित्रपट पाहत कोण होते? परळ-लालबागचे गिरणी कामगार. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरचे गडी, आणि मदनपुऱ्यातून साचेखात्यात येणारे मोमीन विणकर. पाळी सुटली की पिटाच्या बाकांवर ते शेजारी शेजारी बसत. मुकादमाचा दंड, सावकाराचे व्याज, पोलिसाचा दंडुका हे सगळ्यांना सारखेच ठाऊक होते. पडद्यावरच्या वझिराला चाबूक बसला की तो कोणाला बसला, हे प्रत्येक जण आपापल्या परीने समजून घेत असे.

सरकारलाही ते अगदीच कळत नव्हते असे नाही. १९१८च्या कायद्यानुसार १९२० साली मुंबईत सेन्सॉर मंडळ बसले आणि त्याचा अध्यक्ष पोलीस कमिशनर असे. कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून १९२१ साली त्यावर काही प्रांतांत बंदी आली. पुराणालासुद्धा जिथे संशयाने बघितले जात होते तिथे बगदाद, यमन आणि मनाने रचलेली संस्थाने हीच सोयीची जागा होती. काल्पनिक मुलखातल्या काल्पनिक वझिराविरुद्ध उठाव झाला तर कमिशनरसाहेब कोणते कलम लावणार? जमशेद वाडिया पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी झाले. १९३६च्या ‘जय भारत’मध्ये त्यांनी हिंदू-मुस्लिम ऐक्याचा विषय उघडपणे मांडला. पण ते ऐक्य त्यांच्या स्टुडिओत रोजच चालू होते, त्याला भाषणाची गरज नव्हती.

१९४२ साली वाडियांची परळची जागा व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. होमी वाडियांनी ‘बसंत पिक्चर्स’ काढून आपला बगदाद चेंबूरला नेला. १९५१ साली अमिय चक्रवर्तींचा ‘बादल’ आला, प्रेमनाथ आणि मधुबाला यांचा. तो रॉबिनहूडच्या कथेवर बेतलेला होता. त्यापाठोपाठ ‘बसंत’चे ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२), ‘अलीबाबा और ४० चोर’ (१९५४) आणि ‘हातिमताई’ (१९५६) आले. ते बायकामुलांसह पाहायचे चित्रपट होते. हातिमताई म्हणजे इस्लामपूर्व काळातला तय कबिल्याचा दानशूर सरदार. त्याचा मुलगा अदी पुढे रसूलुल्लाहंच्या सहाबींपैकी एक झाला. त्याची भूमिका केली जयराज यांनी. अलादीन आणि अलीबाबा झाले जोधपूरचे महिपाल. आणि हेच महिपाल १९६१ साली याच ‘बसंत’च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये प्रभू रामचंद्र झाले. एकाच चेहऱ्यात प्रेक्षकांनी अलीबाबा आणि राम पाहिले. १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ आला. त्याचे दिग्दर्शक होते ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर. फिरदौसीच्या शाहनाम्याला पडद्यावर आणायला एक मराठी कादंबरीकार पुढे आला, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे होते.

बगदाद मिळाले, चिपळूण नाही

येथवर आम्ही कौतुक केले. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परळमधले हे बगदाद खोटे होते. त्यातले खलीफा, हूर, गुलाम, जादूगार यांचा इतिहासाशी संबंध थोडा आणि फेअरबँक्सच्या नेपथ्याशी अधिक होता. मुसलमान म्हणजे झगा, जरीचा फेटा, ‘या परवरदिगार’ आणि उडता गालिचा, अशी एक ओळख त्यातून तयार झाली. ती ओळख शत्रुत्वाची नव्हती, पण ती खरीही नव्हती.

रत्नागिरीहून बोटीने येणारा, जहाजावर खलाशी म्हणून चढणारा, घरी मराठी-कोकणी बोलणारा मुसलमान या चित्रपटांत कुठेच नव्हता. उर्दू चित्रपटाला तो पुरेसा मुसलमान वाटला नाही आणि मराठी चित्रपटाला पुरेसा मराठी वाटला नाही. एकाने त्याला बगदाद दिले, दुसऱ्याने ऐतिहासिक चित्रपटातली खानाची नाहीतर सरदाराची भूमिका दिली. चिपळूण, सोलापूर, मिरज कोणीच दिले नाही. पुढे बगदादही गेले. अलीबाबाच्या जागी नवाब आला, नवाबाच्या जागी नायकाचा भाबडा मित्र आला, आणि नंतर तस्कर, टोळीवाला, दहशतवादी. डिसेंबर १९९२, जानेवारी १९९३च्या दंगली आणि मार्चमधले बाँबस्फोट यांनंतर तर याच मुंबईच्या पडद्यावर आमचे नाव बहुधा पोलिसांच्या यादीतूनच येऊ लागले. कायद्याबाहेरचा माणूस दोन्ही काळांत आमच्याच नावाचा होता. फरक एवढाच, की पूर्वी तो पळाला की पिटातले सगळे टाळ्या वाजवत.

हा फरक कशामुळे पडला, याचे एक उत्तर याच मातीत मिळते. कोणाला डाकू म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार नेहमी राज्यकर्त्याकडे राहिला आहे. उमाजी नाईकांना इंग्रजांनी दरोडेखोर ठरवून १८३२ साली पुण्यात फाशी दिले. लोकांनी त्यांना राजा म्हटले. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो शिक्का पुसण्यात आला. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून मुंबईत आले आणि गिरणगावात वाढले. सिनेमाच्या पाट्या वाचत ते अक्षरे शिकले असे सांगतात. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. भुकेल्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा, शब्दाला जागणारा मांग वीर तिचा नायक आहे. त्याला परदेशी पोशाखाची गरज नव्हती. अण्णा भाऊंच्या लालबावटा कलापथकात त्यांच्या शेजारी डफ घेऊन उभे होते बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. परळ-लालबागच्या मैदानांवर मराठी मुसलमानाचा खरा चेहरा आणि खरा आवाज याच माणसाच्या रूपाने उभा राहिला, पडद्यावर नव्हे.

म्हणून आम्हाला अय्याराची जुनी कसोटी महत्त्वाची वाटते. तो कोणाला लुटतो, यापेक्षा कोणाला हात लावत नाही, हे इब्न हमदीच्या गोष्टीत आधी सांगितले जाते. हजार दिरहमच्या आतल्या माणसाला तो सोडून देई. फकिरालाही हीच कसोटी लागते, हंटरवालीलाही, रॉबिनलाही. आणि या कसोटीवर, धर्माचे नाव घेऊन निरपराध माणसांवर बाँब टाकणारा अय्यार ठरत नाही आणि धर्माचे नाव घेऊन वस्त्या पेटवणाराही ठरत नाही. दोघांच्या हातून मरतो तो हजार दिरहमच्या आतलाच माणूस. आमच्या पूर्वजांनी बाराशे वर्षांपूर्वी आखलेली ही रेघ आमच्या तरुणांना कोणी दाखवली नाही आणि आमच्यावर संशय घेणाऱ्यांनाही नाही.

या चित्रपटांपैकी आज शिल्लक किती आहे? ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. या देशात तयार झालेल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी पुरे-अपुरे मिळून जेमतेम तिसेक हाती आहेत. मास्टर विठ्ठलच्या तलवारी, फातमा बेगमचे परिस्तान, महबूबचा रांजण हे सारे गेले. नायट्रेटच्या फिती जळल्या, सडल्या, कित्येक त्यांतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. मॅजेस्टिकच्या जागी आता बाजारसंकुल आहे. गिरण्यांच्या चिमण्या पडून तिथे मॉल आणि काचेचे मनोरे उभे राहिले.

जे अजून हाती लागण्यासारखे आहे ते घरांत आहे. चित्रपटगृहात एक-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, हँडबिले, शो-कार्डे. स्टुडिओत सुतारकाम, शिवणकाम, घोड्यांची देखभाल, सारंगीवादन करणाऱ्या बापजाद्यांचे फोटो आणि पगाराच्या चिठ्ठ्या. डोंगरी, मदनपुरा, परळ, माझगावच्या आणि कोकणातल्या जुन्या पेट्यांत यातले काही ना काही पडून असेल. या कामात कोणाची नावे पडद्यावर झळकली नाहीत, कोणाला रोज कसा मिळत होता, नमाजाची वेळ आणि चित्रीकरणाची वेळ यांचा मेळ कसा बसत होता, हे सांगू शकणारी माणसे फार थोडी उरली आहेत. आमच्या साहित्य संमेलनांतून आम्ही भाषेवर, अस्मितेवर, पुष्कळ बोललो. या पेट्या उघडून, त्यातले कागद झटकून, त्यांची यादी करण्याचे काम मात्र अजून व्हायचे आहे. ते आम्हीच केले पाहिजे, आणि मराठीत केले पाहिजे.